भूत आणि भूतकाळ

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि बजावलंय, "फार गंभीर बोलू नकोस, नंतर जेवण आहे." म्हणून मी सिनेमा हा विषय घेतला. वीज मंडळात पस्तीस वर्षं नोकरी करून लोकांच्या घरी उजेड पोचवला, आणि निवृत्तीनंतर अंधारातले सिनेमे बघत बसलो, अशी माझी एकूण कथा आहे.

आधी आपल्या मराठीच्या बाईंना एक आठवण करून देतो. आठवीत बाई काळ शिकवत होत्या. वर्तमानकाळ झाला, फळ्यावर 'भूतकाळ' लिहिलं, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, भुताचा काळ म्हणजे रात्र ना?" बाईंनी त्या मुलाला तास संपेपर्यंत उभं केलं. तो मी. बाई, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "भूत म्हणजे होऊन गेलेलं, एवढं लक्षात ठेव." ते लक्षात ठेवायला मला जवळजवळ सगळं आयुष्य लागलं. कसं, ते सांगतो.

२०२० च्या टाळेबंदीत आपल्यातल्या चौघांचा एक कंपू जमला. एक मी. दुसरा आपला बँकवाला, जो शाळेत हिशेबात कच्चा होता आणि पुढे जन्मभर कॅशियरच्या पिंजऱ्यात बसला. तिसरा वकील, जो शाळेतही सगळ्यांची बाजू मांडायचा, फक्त स्वतःची सोडून. आणि चौथी आपली डॉक्टरीणबाई, जी शिकून परत याच गावात आली आणि आजही इथेच दवाखाना चालवते. सुरुवातीला फोनवरच गप्पा चालायच्या. पण गुडघे, साखर आणि मुलांची परदेशातली घरं हे विषय किती पुरणार? तेव्हा वकिलानं टूम काढली की जुने सिनेमे बघायचे आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्यांवर बोलायचं. टाळेबंदी उठल्यावर आम्ही तिघं पुण्यात बँकवाल्याच्या दिवाणखान्यात भिंतीला पांढरी चादर लावून बसायला लागलो. डॉक्टरीणबाई इथून फोनवरून हजर असायची.

नियम एकच. दर महिन्याला एकानं जोडी लावायची. एक सिनेमा गुन्ह्याचा, एक भुताचा. दोघांना बांधणारा एक धागा त्यानं सांगायचा, आणि बाकीच्यांनी तो ताणून बघायचा.

गुन्ह्याचे म्हणजे साधे चोर-पोलीस सिनेमे नव्हेत. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतले बरेच सिनेमे एकदम फ्रान्समध्ये पोचले. तिथल्या समीक्षकांना त्यांत एक वेगळाच काळोख दिसला आणि १९४६ मध्ये त्यांनी त्याला 'फिल्म न्वार', म्हणजे काळा सिनेमा, असं नाव दिलं. ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांची चेहऱ्यावर पडलेली सावली, एखादी चूक करून बसलेला चारचौघांसारखा माणूस, आणि त्या चुकीतून सुटायला त्यानं केलेली दुसरी चूक. त्यातले पुष्कळ दिग्दर्शक आणि छायाचित्रकार हिटलरच्या तावडीतून निसटून आलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन होते. भुताच्या सिनेमातला अंधारही बराचसा त्यांच्याच देशात आधी तयार झालेला. म्हणजे या जोड्या आम्ही लावल्या म्हणण्यापेक्षा त्या भाऊबंदच होत्या. आम्ही फक्त त्यांना एका पंगतीला बसवलं.

पहिली जोडी वकिलानं लावली. धागा होता अंधार. भुताचा सिनेमा 'कॅट पीपल', १९४२ चा. गुन्ह्याचा 'आउट ऑफ द पास्ट', १९४७ चा. गंमत अशी की दोन्हींचा दिग्दर्शक एकच, जॅक टूर्नर. छायाचित्रकार एकच, निकोलस मुसुराका. स्टुडिओही एकच, आरकेओ.

'कॅट पीपल'चं नाव स्टुडिओनं आधी ठरवलं आणि निर्माता व्हॅल ल्यूटनला सांगितलं, या नावाचा सिनेमा कर. पैसे बेताचे. दुसऱ्या सिनेमासाठी बांधलेला जिना वापरून काम भागवलेलं. बाईचा काळा बिबट्या होतो असं कथानक, पण खरी भीती वाटते ती काही न दाखवता. एक बाई रात्री रस्त्यानं चालली आहे, मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज येतोय. मग तो आवाज थांबतो. नुसता थांबतो. आणि कानाशी फिस्स झाल्यावर कळतं की शेजारी बस येऊन उभी राहिली. आमचा बँकवाला त्या क्षणी चहाचा कप घेऊन उडाला, ते डाग त्या चादरीवर अजून आहेत.

'आउट ऑफ द पास्ट'मध्ये रॉबर्ट मिचमनं केलेला माणूस एका लहान गावात पेट्रोल पंप चालवतोय. नाव बदललंय, जुनं आयुष्य पुसलंय. एक दिवस जुन्या आयुष्यातला एक जण गाडी घेऊन पंपावर येतो, आणि संपलं. त्या पंपावर एक मूकबधिर पोरगा कामाला आहे. सगळं बघतो, सगळं जाणतो. शेवटी नायक मेल्यावर त्याच्यावर जीव असलेली साधी मुलगी त्या पोराला विचारते, तो खरंच त्या दुसऱ्या बाईबरोबर निघून चालला होता का? पोरगा मान हलवून 'हो' म्हणतो. ते खोटं आहे. पण त्या खोट्यामुळे मुलगी मोकळी होते आणि आपल्या वाटेनं जाते.

यावर आमची दोन तास जुंपली. वकील म्हणाला, "साक्षीदार खोटं बोलला, विषय संपला." डॉक्टरीणबाई म्हणाली, "तो स्वतःसाठी बोलला का?" त्या रात्री तिचा प्रश्न आम्ही तसाच सोडला. पुढे तो आमच्याच अंगावर येणार होता.

दुसरी जोडी डॉक्टरीणबाईची. धागा सावली. 'नॉस्फेराटू', मुर्नाऊचा १९२२ चा मूकपट, आणि कॅरल रीडचा 'द थर्ड मॅन', १९४९ चा. 'नॉस्फेराटू'त रक्त पिणाऱ्याची लांब बोटांची सावली जिना चढत जाते. हा सिनेमा ड्रॅक्युलाच्या कादंबरीवरून परवानगी न घेता केला होता. लेखकाच्या विधवेनं खटला जिंकला आणि न्यायालयानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. तरीही काही वाचल्या. वकील म्हणाला, "भुतावर हुकूमनामा बजावता येत नाही, याचा हा पुरावा."

'द थर्ड मॅन'मध्ये युद्धानंतरचं मोडकं व्हिएन्ना आहे आणि भिंतीवर माणसापेक्षा मोठ्या पळणाऱ्या सावल्या आहेत. त्यातला हॅरी लाइम चोरलेल्या पेनिसिलिनमध्ये भेसळ करून ते विकतो. ते औषध टोचलेली मुलं दवाखान्यात आहेत. आपल्याला मुलं दाखवतच नाहीत, बघणाऱ्याचा चेहरा फक्त दाखवतात. डॉक्टरीणबाई फोनवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नॉस्फेराटू भुकेपायी रक्त पितो रे. हा तर हिशेब करून पितो. मला विचाराल तर भुताचा सिनेमा हा दुसरा आहे."

तिसरी जोडी माझी. धागा तसबीर. ऑटो प्रेमिंजरचा 'लॉरा', १९४४, आणि आपल्या कमाल अमरोहींचा 'महल', १९४९. 'लॉरा'त एका बाईचा खून झालाय आणि तपास करणारा हवालदारी मनाचा माणूस भिंतीवरच्या तिच्या तसबिरीच्या प्रेमात पडतो. एका रात्री तो तिच्याच खुर्चीत पेंगत असताना ती दारातून जिवंत आत येते. 'महल'मध्ये अशोककुमार जुन्या हवेलीत येतो आणि भिंतीवर स्वतःसारख्याच माणसाची तसबीर बघतो. मग झोपाळा, मध्यरात्र आणि लताबाईंचा तो लांबून जवळ येत जाणारा आवाज. त्या वेळी त्या जेमतेम विशीच्या होत्या, आणि रेकॉर्डवर गाणारीचं नाव म्हणून सिनेमातल्या पात्राचंच नाव छापलं होतं. लोक विचारत राहिले, ही कोण गाते?

'महल'चा छायाचित्रकार योझेफ विर्शिंग हा म्युनिकचा जर्मन. मूकपटांच्या काळात तो 'प्रेम संन्यास'साठी इथे आला, पुढे हिमांशु राय आणि देविकाराणींच्या बॉम्बे टॉकीजमध्ये रमला. युद्धात इंग्रजांनी त्याला शत्रूराष्ट्राचा म्हणून स्थानबद्ध केलं. सुटल्यावर त्यानं 'महल' केला, आणि 'पाकिजा'चं बरंचसं काम करून तो वारला. म्हणजे बघा, जर्मन अंधाराची एक वाट हॉलिवूडला गेली आणि एक मालाडला आली. मी हे सगळं मोठ्या ऐटीत सांगितलं. नोंदी काढून आणल्या होत्या.

पण 'महल' संपला आणि आम्ही तिघं गप्प बसलो. कारण तो आम्ही तिघांनी आधी एकत्र पाहिला होता. १९७७ च्या हिवाळ्यात, नववीत असताना, आपल्या गावच्या टॉकीजला, मॅटिनीला, शाळा बुडवून.

डॉक्टरीणबाईनं फोनवरून विचारलं, "काय रे, भूत दिसलं का तिघांना?" मग आम्ही हसत हसत सांगायला लागलो. सांगता सांगता हसू कमी होत गेलं. आज तुम्हालाही सांगतो.

आपल्या शाळेचं मागचं फाटक तुम्हाला आठवत असेल, बागेच्या बाजूचं. त्याची किल्ली शिपाई मामांच्या खोलीत, घंटेच्या हातोड्याशेजारी, खिळ्याला असायची. मधल्या सुट्टीत मामा मास्तरांचा चहा आणायला गेले, आणि आम्ही किल्ली काढली. फाटक उघडलं, बाहेर पडलो आणि टॉकीजला पळालो. लावायचं राहिलं. त्याच आठवड्यात तपासणी होती. बागेत दोन महिने खपून रोपं लावली होती, आपण सगळ्यांनीच ओंजळीनं पाणी घातलेलं. दुपारभर गुरं आत चरत राहिली. झेंडू, शेवंती, कोबीचे वाफे, सगळं साफ.

आम्ही संध्याकाळी किल्ली परत ठेवायला गुपचूप आलो, तर मामा खोलीच्या दारात बसलेले. मी किल्ली पाठीमागे धरली. त्यांनी काही न बोलता हात पुढे केला. मी किल्ली दिली. त्यांनी ती खिळ्याला लावली आणि विचारलं, "पिक्चर बरा होता का?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांना बोलावणं आलं. आम्ही वऱ्हांड्यात उभे होतो. आतून मामांचा आवाज आला, "मीच इसरलो साहेब, लावायचं." त्यांचा आठ दिवसांचा पगार कापला गेला.

त्यांनी तसं का सांगितलं, हे मला तेव्हाच माहीत होतं. माझी नादारी होती. वडील नव्हते. वर्तनाचा शेरा बिघडला असता तर नादारी गेली असती, आणि नादारी गेली असती तर शाळा. नादारीचे अर्ज गोळा करून ऑफिसात नेऊन द्यायचं काम मामांचंच होतं. त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि मला हेही ठाऊक होतं की आठ दिवसांचा पगार म्हणजे त्यांच्या घरात काय. तरी मी गेलो नाही. तिघांपैकी कुणीच गेलं नाही. पहिले काही दिवस भीती होती. मग लाज होती. मग दहावी झाली, आणि नंतर खरं सांगायचं तर सोय होती.

डॉक्टरीणबाईनं सगळं ऐकून घेतलं. "पुढची जोडी माझी," एवढंच म्हणाली.

तिनं लावलेली जोडी अशी: फ्रिट्झ लँगचा 'स्कार्लेट स्ट्रीट' आणि रॉबर्ट वाइजचा 'द बॉडी स्नॅचर'. दोन्ही १९४५ चे. धागा तिनं सांगितला नाही.

'स्कार्लेट स्ट्रीट'चा नायक एक गरीब स्वभावाचा कॅशियर. आमचा बँकवाला खूश झाला. एडवर्ड रॉबिन्सननं तो केलाय. रविवारी चित्रं काढतो, एका बाईच्या नादी लागतो, फसतो आणि रागाच्या भरात तिला मारतो. पकडला जातो भलताच. तो भलता माणूस काही सज्जन नव्हता, पण खून त्यानं केलेला नव्हता. त्याला विजेच्या खुर्चीत बसवतात. कॅशियर तोंड उघडत नाही. आगगाडीत एक वार्ताहर त्याला सहज म्हणून जातो की प्रत्येकाच्या आत एक छोटं न्यायालय असतं, तिथून सुटका नाही. पुढे कॅशियरला त्या दोघांचे आवाज ऐकू यायला लागतात. तो कबुली द्यायला जातो तर कुणी विश्वास ठेवत नाही. अनैतिक म्हणून न्यूयॉर्कमध्ये या सिनेमावर काही काळ बंदी आली होती. हा सिनेमा नीतीला घातक आहे असं बंदी घालणाऱ्यांना कसं वाटलं, कोण जाणे.

'द बॉडी स्नॅचर'मध्ये जुन्या एडिंबरोतला एक नामवंत डॉक्टर आहे. शरीरशास्त्र शिकवायला त्याला मढी लागतात, आणि ती आणून देणारा गाडीवान आहे बोरिस कारलॉफ. डॉक्टरचं जुनं पाप त्याला ठाऊक आहे. शेवटी डॉक्टर त्याला ठार मारतो आणि सुटलो म्हणतो. मग पावसाच्या रात्री एका बाईचं प्रेत उकरून गाडीतून आणताना त्याला तोच आवाज ऐकू येतो. कंदील धरून बघतो तर शेजारी गाडीवानाचा चेहरा. घोडे उधळतात, गाडी दरीत जाते. खाली प्रेत पडलंय ते बाईचंच.

चादरीवर उजेड गेला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मामा शेवटची सात-आठ वर्षं माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्यांना यायचे. दर वेळी तुम्हा तिघांची चौकशी करायचे. तो वीज मंडळात कुठे असतो? वकिलाला मुलं किती? मला वाटायचं, म्हाताऱ्याला सगळ्याच मुलांची आठवण आहे. आत्ता लक्षात आलं की ते फक्त तुम्हा तिघांनाच विचारायचे."

वकिलानं त्या रात्री आमची बाजू मांडली नाही. बँकवाला म्हणाला, "पंपावरचा तो पोरगा आठवतो का?" आम्हाला आठवत होता.

मागच्या महिन्यात आम्ही तिघं मामांच्या घरी गेलो. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा एसटीतून निवृत्त झालाय. आम्ही पाकीट नेलं होतं. त्यानं ते उघडलंसुद्धा नाही. सगळं ऐकून घेतलं आणि हसला. म्हणाला, "बाबांनी घरात ही गोष्ट दहादा सांगितली असेल. नावं कधी सांगितली नाहीत. म्हणायचे, पोरांनी पिक्चर बघितला, गुरांनी रोपं खाल्ली, मी पगार गमावला, ज्याचं त्याला मिळालं." मग आत जाऊन त्यानं आईला बाहेर आणलं. त्या नव्वदीच्या घरात आहेत. माझ्या हाताला हात लावून त्यांनी विचारलं, "नादारीवाला कोणता?" मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, "त्या महिन्यात दिवाळीचं उधारीचं द्यायचं होतं. फार भांडले होते मी यांच्याशी." बस, एवढंच. मग चहा ठेवला.

मंडळी, सांत्वनाची शंभर वाक्यं ऐकली असती तर मी विसरलो असतो. हे वाक्य विसरणार नाही, आणि ते विसरू नये असंच मला वाटतं.

आता बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. आठ सिनेमे पाहून आम्हाला जे उमगलं ते आपल्या भाषेत आधीच होतं. गुन्ह्याच्या सिनेमात माणसाच्या मागे भूतकाळ लागतो. भुताच्या सिनेमात भूत लागतं. बाकीच्या भाषांना दोन शब्द लागत असतील, आपण पहिल्यापासून एकाच शब्दावर भागवत आलोय. होऊन गेलेलं म्हणजे भूत, बाई तुम्ही बरोबर सांगितलं होतंत. फक्त होऊन गेलेलं गेलेलं नसतं, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं.

आणि एक विनंती, म्हणजे खरं तर याचसाठी मी आज बोलायचं कबूल केलं. १९७७ च्या त्या दिवसाचा शेरा शाळेच्या दप्तरात कुठेतरी असेल. त्यात लिहिलं असेल की शिपायानं निष्काळजीपणानं फाटक उघडं ठेवलं. तो शेरा चुकीचा आहे. फाटक मी उघडलं होतं, आणि हे दोघं माझ्याबरोबर होते. ते समोरच्या रांगेत बसलेत आणि त्यांची संमती घेऊनच मी हे सांगतोय. जुनं दप्तर आता कुणी उघडणार नाही. पण हे भाषण स्मरणिकेत छापणार आहेत असं संयोजकांनी सांगितलंय. निदान एका कागदावर खरं लिहिलेलं राहील. त्याची एक प्रत आम्ही मामांच्या घरी नेऊन देणार आहोत.

पुढची जोडी बँकवाल्यानं लावलीय, १९६४ ची: राजा परांजप्यांचा 'पाठलाग' आणि राज खोसलांचा 'वो कौन थी'. याच खोसलांनी पुढे 'पाठलाग'वरून 'मेरा साया' केला. दुसऱ्या शनिवारी ज्याला जमेल त्यानं यावं, चादर मोठी आहे. डाग तेवढे चालवून घ्या.

जेवणाची घंटा व्हायची वेळ झाली. आज ती कोण वाजवणार आहे, मला माहीत नाही. वाजली की मी एकदा मागच्या फाटकाकडे बघून येणार आहे.